श्वास मोजण्याचा पाठ

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, विषयाचे बंधन नाही, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा प्रथम मनात आले की संस्थापकांच्या कार्यावर, पहिल्या पत्र्याच्या वर्गखोल्यांवर आणि येथून शिकून मोठ्या पदांवर गेलेल्या विद्यार्थ्यांवर माझे सहकारी लिहिणारच आहेत. ते लिहिले गेलेच पाहिजे. मी मात्र इतिहासाचा शिक्षक आहे, आणि ज्यांचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते त्यांचाही इतिहास असतो, असे गेली सव्वीस-सत्तावीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. आपल्या वसतिगृहात असे काही रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. त्यांनी प्रवेशअर्ज भरला नाही, फी भरली नाही, परीक्षाही दिली नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर त्यांचा मुक्काम असे. माजी विद्यार्थ्यांना मोती आठवेल, काळू आठवेल, आणि अलीकडच्यांना तांबी तर नक्कीच आठवेल. या कुत्र्यांनी आपल्या मुलांना जो एक पाठ दिला, त्याविषयी मी येथे लिहिणार आहे. तो पाठ श्वासाचा आहे.

आपल्या विद्यालयात सकाळच्या परिपाठापूर्वी मुले दहा मिनिटे शांत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देतात. नव्याने आलेली पाचवीची मुले या दहा मिनिटांत काय काय करतात, हे सर्व शिक्षकांना ठाऊक आहे. कोणी एक डोळा उघडून शेजाऱ्याकडे पाहतो, कोणी पेंगतो. एका वर्षी सातवीतील एक मुलगी रोज व्हरांड्याकडे तोंड करून बसू लागली. विचारले तेव्हा म्हणाली, "सर, माझा श्वास मोजताना मी चुकते. तांबीचा मोजता येतो." तांबी त्या वेळी व्हरांड्याच्या कडेला झोपलेली असे. तिच्या बरगड्या वर उचलल्या जात आणि खाली बसत. वर-खाली मिळून एक श्वास, असे धरून त्या मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोजणी सुरू केली होती. वहीच्या शेवटच्या पानावर तारीखवार आकडे होते: अठरा, वीस, एकोणीस, बावीस.

हे आकडे अगदी बरोबर होते, आणि तेच प्रथम समजून घेण्यासारखे आहे. निरोगी कुत्रा निवांत असताना मिनिटाला साधारण पंधरा ते तीस वेळा श्वास घेतो. गाढ झोपेत हा आकडा तीसच्या आतच राहतो. झोपेत पाय झाडत असेल, स्वप्नात भुंकल्यासारखे करत असेल, तर त्या वेळी मोजू नये, थोडे थांबावे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तरी चालते. मात्र एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. चार-आठ दिवस मोजले म्हणजे त्या कुत्र्याची स्वतःची नेहमीची चाल कळते, आणि ती माहीत असेल तरच बिघाड ओळखता येतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हे पटवून द्यावे लागत नाही. साधारण वर्षांच्या नोंदी नसतील तर दुष्काळाचे वर्ष कोणते, हे कागदपत्रांतून ठरवता येत नाही.

येथे एक शंका येईल. कुत्रा तर उन्हातून आला की जीभ बाहेर काढून मिनिटाला दोनशे-तीनशे वेळाही धापा टाकतो, मग तीसचा हिशेब कसा? माणसाला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तो पायांच्या गादीपुरताच येतो. अंगातील उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्याच्यापाशी जीभ, तोंड आणि नाक यांचा ओलावा आहे. वेगाने हवा आत-बाहेर करून तो हा ओलावा वाळवतो आणि अंग थंड करतो. म्हणून धावल्यानंतरची, उन्हातली, आनंदाने नाचतानाची धाप हा आजार नव्हे. सावलीत बसवून पाणी दिले की थोड्या वेळात ती उतरते. जी धाप विश्रांती घेऊनही उतरत नाही, जी थंडीच्या रात्रीही लागते, जी झोपू देत नाही, ती वेगळी. तिच्याकडे लक्ष दिलेच पाहिजे.

तांबीच्या बाबतीत हेच घडले. ती तेव्हा दहा वर्षांची असावी. दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृह पुन्हा भरले आणि त्या मुलीची मोजणीही सुरू झाली. सुट्टीपूर्वी बावीसच्या पुढे न जाणारा आकडा एकतीस आला. दुसऱ्या दिवशी चौतीस, पुढच्या आठवड्यात अडतीस. मुलीने वही आणून माझ्यापुढे ठेवली आणि काहीही बोलली नाही. दिवसा पाहावे तर तांबी ठीक दिसत होती, भाकरीही खात होती. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, ती पहाटेकडे कोरडी ढास लागल्यासारखी खोकते, आणि खोकून झाल्यावर आडवी होत नाही, बसूनच राहते.

त्या रात्री मी स्वतः कंदील घेऊन ओट्यावर जाऊन बसलो. तांबी पुढचे दोन्ही पाय फाकवून, कोपरे अंगापासून दूर ठेवून, मान लांब करून बसली होती. पोटाच्या दोन्ही कुशी भात्यासारख्या आत-बाहेर होत होत्या. श्वासासाठी छाती पुरत नाही म्हणून पोटाचे स्नायू कामाला लागतात, तेव्हा कुत्रा असा बसतो. आडवे झाले की गुदमरते, म्हणून तो झोपत नाही. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. निरोगी कुत्र्याच्या हिरड्या गुलाबी असतात, आणि बोटाने दाबून सोडल्या तर दोन सेकंदांच्या आत रंग परत येतो. तिच्या हिरड्या फिकट होत्या, पण निळसर नव्हत्या. निळसर किंवा राखाडी दिसल्या असत्या तर सकाळची वाट पाहणे शक्यच नव्हते.

सकाळी दुधाच्या टेम्पोतून तिला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. मुले तिला उचलून छातीशी घट्ट धरू पाहत होती. त्यांना सांगितले, धरू नका, झोपवू नका, तोंड बांधू नका, तिला जसे बसायचे आहे तसे बसू द्या. दम लागलेल्या जनावराला जबरदस्तीने पाणी किंवा दूध पाजणे हाही मायेने केलेला घात ठरतो, कारण ते श्वासनलिकेत उतरू शकते. त्या मुलीने वही बरोबर घेतली होती. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकले, मग वही पाहिली आणि मला विचारले, "या नोंदी कोणी ठेवल्या?" हृदयाची झडप नीट मिटत नव्हती. रक्त मागे परतत होते, आणि त्या दाबामुळे फुफ्फुसात पाणी साचू लागले होते. उतारवयातील कुत्र्यांत हा आजार बराच आढळतो. डॉक्टरांनी शरीरातील जादा पाणी लघवीवाटे काढणारे इंजेक्शन दिले, पुढे रोज घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि सांगितले की हा आजार बरा होणार नाही, पण आवरून धरता येईल. गोळीची मात्रा योग्य आहे की नाही, हे ठरवण्यासाठी त्यांना एकच गोष्ट हवी होती: झोपेतला श्वास, रोज, वहीत.

आठवड्याभरात आकडा चोविसावर आला. तांबी त्यानंतर चौदा महिने जगली. त्या चौदा महिन्यांत मुलांनी पाळी लावून मोजणी केली, आणि दोन वेळा आकडा तीसच्या वर गेल्याबरोबर डॉक्टरांना फोन करून औषध वाढवून घेतले. ती वही शाळेच्या ग्रंथालयात मी जपून ठेवली आहे. तिच्यात एकही विशेषण नाही. तारखा, आकडे आणि मोजणाऱ्याची सही, एवढेच. शेवटच्या नोंदीपुढे कोणी काही लिहिले नाही, फक्त पान कोरे सोडले आहे.

नववीला दुसऱ्या महायुद्धानंतरचे जग शिकवताना मी ही वही वर्गात नेतो, कारण तेथे आणखी एका कुत्रीची नोंद येते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक-२ या यानातून लायका नावाची कुत्री अवकाशात पाठवली. ती मॉस्कोच्या रस्त्यावरची, आपल्या तांबीसारखीच बेवारस. तिच्या अंगावर यंत्रे जोडलेली होती आणि ती तिची नाडी व श्वास पृथ्वीवर कळवत होती. उड्डाणाच्या वेळी तिचा श्वास नेहमीच्या तिपटी-चौपटीने वाढला, हे शास्त्रज्ञांनी पाहिले. तिला परत आणण्याची कोणतीही योजना मुळातच नव्हती. ती अनेक दिवस जिवंत राहिली, असे जगाला पुढे कित्येक वर्षे वाटत राहिले. यानातील वाढत्या उष्णतेने ती काही तासांतच गेली, ही गोष्ट २००२ साली उघड झाली. मी मुलांना विचारतो, लायकाचा श्वास मोजणारे आणि तांबीचा श्वास मोजणारे यांत फरक काय? उत्तर देण्यास वर्गाला वेळ लागत नाही. तिकडे उत्तम यंत्रे होती, पण आकडा वाढल्यावर उठून जाणारे कोणी नव्हते. मोजणाऱ्यावर एक जबाबदारी येते. आकडा वाढला तर उठले पाहिजे.

उठून काय करायचे, हे प्रत्येक वेळी सारखे नसते. म्हणून आपल्या परिसरात येणारे प्रसंग थोडे वेगवेगळे सांगतो.

पहिला उन्हाचा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. पुण्यात नोकरीला असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने हौसेने पग जातीचा कुत्रा घेतला आणि त्याला घेऊन तो सुट्टीत गावी निघाला. अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग श्वासमार्गात लोंबतो. माणसाने त्यांचा चेहरा बाळासारखा दिसावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड केली, तिची ही किंमत आहे. अशा कुत्र्याला धापेने अंग पुरेसे थंड करता येत नाही. दुपारी दोन वाजता रस्त्यातून त्याचा मला फोन आला: कुत्रा घरघर आवाज करतो आहे, लाळ घट्ट झाली आहे, हिरड्या लालभडक आहेत, उभा राहत नाही. त्याला सांगितले, दवाखाना शोधत फिरण्याआधी पाणी शोध. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले की आतले अवयव बिघडू लागतात, आणि मग प्रत्येक मिनिट मोलाचे असते. रस्त्याकडेच्या एका शेतातील विहिरीचा पंप चालू होता. त्याने कुत्र्याला तेथे नेऊन अंगावर, पोटावर, मांड्यांच्या आत पाणी ओतले, ओल्या अंगाला वारा घातला, आणि मग गाडी दवाखान्याकडे घेतली. ओले कापड अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता कोंडते. पाणी तोंडात ओतू नये, त्याने स्वतः प्यायले तर पिऊ द्यावे. ताप १०३ च्या आसपास उतरला की भिजवणे थांबवावे. आधी गारवा, मग प्रवास, हा क्रम लक्षात ठेवावा. तो कुत्रा वाचला. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत कोंडलेले कित्येक कुत्रे मात्र दर उन्हाळ्यात वाचत नाहीत.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे, आणि पालकांनी तो मुलांना आवर्जून समजावून सांगावा, अशी माझी विनंती आहे. एका पावसाळ्यात एक अनोळखी कुत्रा फाटकाशी येऊन बसला. खालचा जबडा लोंबत होता, लाळेची तार जमिनीपर्यंत आली होती, श्वास घेताना गळ्यातून घुसमटल्यासारखा आवाज येत होता. आठवीची दोन मुले कळवळली. "सर, घशात हाड अडकलं आहे, काढू का?" म्हणत एक जण पुढेही झाला. आपला पहारेकरी जुन्या पिढीचा, फारसे न शिकलेला, पण त्याने काठी आडवी धरली आणि मुलांना मागे रेटले. त्याचे बरोबर होते. पिसाळलेला कुत्रा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चावत सुटलेला कुत्रा येतो. रेबीजचे दुसरे रूप मुके असते. त्यात घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की हाड अडकले आहे. कनवाळू माणूस अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालतो. विषाणू असतो तो नेमका त्या लाळेत.

मुलांना सभागृहात नेऊन दार लावले, पशुवैद्यकांना कळवले. त्यांनी कुत्र्याला वेगळे ठेवण्याची व्यवस्था केली आणि रेबीजचा दाट संशय व्यक्त केला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो कुत्रा मरण पावला. आधी त्याला कोण कोण शिवले, हे आम्ही एकेका मुलाला विचारले. तीन मुलांच्या हातापायांवर ओरखडे होते आणि लाळ लागल्याची शंका होती. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्यांना त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात नेले आणि लशीच्या सर्व मात्रा तारखेनुसार पूर्ण केल्या. त्यांतील एका मुलाच्या आजीने हळद-चुना लावून पाहू, असे सुचवले होते. आजीला मी शांतपणे सांगितले की ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम दिली तेव्हापासून माणसापाशी या आजारावर वेळेत घ्यायचा उपाय आहे. लक्षणे दिसू लागल्यावर मात्र जवळजवळ काहीच उपाय उरत नाही. आजी विचारी होती. ती स्वतः नातवाला घेऊन पुढच्या मात्रेला आली.

यातून मुलांसाठी एक नियम तयार झाला. ओळखीचा, लस दिलेला कुत्रा गुदमरत असेल तर मोठ्या माणसाने तोंड उघडून पाहावे, अडकलेली वस्तू स्पष्ट दिसत असेल आणि सहज निघत असेल तरच काढावी. अनोळखी कुत्र्याच्या तोंडाजवळ हात न्यायचा नाही. मोठ्यांना हाक मारायची. दया दाखवायची तर ती डोके शाबूत ठेवून.

तिसरा प्रसंग आपल्या भोवतालच्या कापसाच्या शेतांचा. फवारणीच्या दिवसांत कुत्रे औषधाच्या डब्यातले पाणी चाटतात किंवा फवारलेल्या ओळीतून जाऊन मग पाय चाटतात. तोंडाला फेस, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाला थरथर आणि छातीत पाण्याचा खळखळाट, अशी लक्षणे एकत्र दिसली तर विषबाधा समजावी. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून अंग साबणाने धुवावे, मनाने मीठपाणी पाजून उलटी काढू नये, आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचे लेबल दवाखान्यात बरोबर न्यावे. डॉक्टरांना उतारा देण्यासाठी नाव कळणे आवश्यक असते. सापाचेही तसेच. मण्यार चावल्यावर सूज फारशी येत नाही, वेदनाही दिसत नाही. कुत्रा आधी लडखडतो, मग पापण्या जड होतात, आणि नंतर श्वासाचे स्नायू थकत जातात. दिसायला तो झोपाळलेला वाटतो. पावसाळ्यात सकाळी कुत्रा असा लडखडताना दिसला आणि श्वास उथळ झाला असेल तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता सर्पदंशाची लस मिळेल अशा ठिकाणी निघावे.

याउलट, काही आवाज घाबरवणारे असून निरुपद्रवी असतात. कुत्रा अचानक उभा राहून नाकाने जोरजोरात हवा आत ओढतो, घोरल्यासारखा आवाज येतो, आणि अर्ध्या-एक मिनिटात काहीच न झाल्यासारखा शेपूट हलवू लागतो. ही उलटी शिंक होय. गळ्यावरून हळूवार हात फिरवावा आणि थांबावे. वारंवार होऊ लागली तरच दाखवावे. पण हिरड्या पांढुरक्या असून श्वास भरभर चालत असेल तर अंगावर गोचीड आहेत का, हे पाहावे. गोचिडांतून येणाऱ्या तापात रक्त कमी होते, आणि फुफ्फुसे निरोगी असूनही दम लागतो. माणसाच्या कपाटातील तापाच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या अशा वेळी कुत्र्याला देऊ नयेत. त्यांतील कित्येक त्याच्या पोटात रक्तस्राव घडवतात आणि मूत्रपिंड निकामी करतात.

इतके लिहिल्यावर एक प्रश्न टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. तांबीच्या औषधासाठी शिक्षकांनी वर्गणी काढली तेव्हा पालकसभेत एका पालकाने उभे राहून विचारले होते, "सर, आमच्या वस्तीत माणसाला दम लागला तर गाडी मिळत नाही. आणि इथे कुत्रीला गोळ्या?" सभेत शांतता पसरली. प्रश्न रागाचा नव्हता, अनुभवाचा होता. त्या गृहस्थांचे एक मूल लहानपणी छातीच्या आजाराने गेले होते, हे मला नंतर समजले.

मी त्यांना त्या दिवशी जे सांगितले तेच येथे लिहितो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील साध्या कार्यकर्त्यांना, सुईणींना लहान मुलांचा श्वास मोजायला शिकवले. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असे साधन केले. श्वास भरभर चालणारे बाळ ओळखायचे आणि न्यूमोनियाचे औषध गावातच सुरू करायचे, एवढेच ते काम. त्याने बालमृत्यू घटले, हे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आज जगभर हेच सूत्र वापरतात. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक असेल, किंवा श्वास घेताना छाती खाली आत ओढली जात असेल, तर बाळाला तातडीने दवाखान्यात न्यायचे. कुत्रीच्या अंगावर मोजायला शिकलेला डोळा बाळाच्या छातीवरही तेच पाहतो. दोन्हीकडे पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. एक मिनिट स्थिर बसावे लागते.

इतिहासाचा आधारही आहे. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्हींची व्यवस्था केल्याचे कोरून ठेवले आहे. दोन्ही एकाच आज्ञेत आहेत, एकीसाठी दुसरी थांबवलेली नाही. महाराष्ट्रात सोपारा येथे अशोकाच्या आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे सापडले आहेत, म्हणजे तो शब्द आपल्या भूमीपर्यंतही आला होता. ज्यांना पाणवठ्यावर जनावरांच्याही मागे ठेवले गेले, त्या आपल्या पूर्वजांनी कुत्र्या-मांजरांवर त्याचा राग काढला नाही. आपल्या ताटातली भाकर त्यांनी दारातल्या जिवाला घातली. जीव तोलण्याचा तराजू आपण हाती घ्यायचा नाही, इतकेच मी त्या सभेत म्हणालो. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात मुलाला भेटायला आले तेव्हा त्यांनी तांबीच्या औषधासाठी पन्नास रुपये कार्यालयात दिले. मुलाकडून मोजायचे कसे, हेही शिकून घेतले.

वही सुरू करणारी ती मुलगी आज आशा सेविका आहे. मागील वर्षी ती भेटली तेव्हा सांगत होती की प्रशिक्षणात बाळाचा श्वास मोजायला शिकवत होते, तेव्हा इतर जणी गोंधळत होत्या आणि तिला मात्र पहिल्याच दिवशी जमले. कोठे शिकलात, असे विचारल्यावर तिने आपल्या विद्यालयाचे नाव सांगितले. कुत्रीचे सांगितले नाही, कारण लोक हसतील असे तिला वाटले. मला वाटते, आता सांगायला हरकत नाही.

माजी विद्यार्थी मित्रहो आणि पालक बंधू-भगिनींनो, ज्यांच्या दारात कुत्रा आहे त्यांनी आज रात्री तो झोपला की एक मिनिट त्याच्याजवळ बसावे आणि आकडा कोठेतरी लिहून ठेवावा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक भिंतीवर लिहावा. राज्यातील फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा क्रमांक आहे, तोही त्याखाली लिहावा. वर्षाला एकदा रेबीजची लस चुकवू नये. घरात तान्हे मूल असेल तर त्याचाही श्वास निरोगी असतानाच एकदा मोजून पाहावा, म्हणजे आजारपणात हात थरथरणार नाहीत. आपल्या व्हरांड्यात सध्या राजा नावाचा तीन वर्षांचा कुत्रा झोपतो. सहावीच्या मुलांनी नवी वही घातली आहे. कालचा आकडा एकवीस आहे.